बावटा किती वाजता चढला

४ जानेवारी

सकाळचा पहिला चहा घशाखाली उतरायच्या आत स्मारक समितीचं पत्र आलं. बंदराच्या धक्क्यावर रेल्वेचे रूळ घेऊन निघालेल्या त्या जुन्या बोटीचा स्मृतिस्तंभ उभा राहणार, त्यावर बुडालेल्या एकतीस जणांची नावं कोरणार. एकतीस. बुडाले होते बत्तीस. बत्तिसावं नाव कप्तानाचं, म्हणजे माझ्या पणजोबांचं, ते 'चौकशी अहवालातील निष्कर्ष लक्षात घेता' वगळण्यात येत आहे. पुढे आपले नम्र वगैरे. ह्यांच्या नम्रपणाला आग लागो.

समितीच्या चिटणिसांना फोन केला. ते म्हणाले, "बाई, वादळाचा बावटा चढलेला असताना बोट बाहेर काढली त्यांनी. पुरावा असेल तर आणा ना मार्चअखेर. आम्ही काय तुमचे वैरी आहोत?"

आणते म्हटलं. चौतीस वर्षं भूगोल शिकवला, पोरांच्या निम्म्या उत्तरांतून पूर्ण चूक शोधून काढली. १८८४ सालच्या चौकशीतली एक चूक मला सापडणार नाही?

लहानपणी शाळेत दादाला आणि मला 'बुडव्या' म्हणायचे. दादा मारामारी करून यायचा, मी तोंडाने भांडायचे. तेव्हापासून माझं नाव तोफ पडलं ते पडलंच. साठी उलटून चार वर्षं झाली, तरी मला त्या स्तंभावर बत्तीस नावं हवी आहेत. दुसरं काही नको.

९ जानेवारी

उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकायचाय आणि डाव्याचं ऑपरेशन बिघडलेलं. जुनी कागदपत्रं म्हणजे माझ्या दृष्टीने नुसता धुरकट कपडा. शिडी म्हणाली, मी वाचून दाखवते.

शिडी म्हणजे माझी शाळेपासूनची मैत्रीण. सातवीतच साडेपाच फूट झाली, म्हणून शिडी. पुढे परिचारिका झाली, लग्न केलं नाही, रोज चार वाजता माझ्याकडे चहाला येते आणि माझा चहा पांचट असतो असं चाळीस वर्षं सांगते.

आता गंमत ही की त्या बोटीवरून एकच माणूस वाचला, दुय्यम अधिकारी. त्याच्याच साक्षीवर पणजोबा दोषी ठरले. तो शिडीचा पणजोबा. बंदरावरचं वाचनालय त्यानेच काढलं, तिथे त्याची तसबीर आहे. आम्ही दोघी मुली असताना त्या तसबिरीसमोर बसून गोष्टींची पुस्तकं वाचायचो. मी तिला म्हटलं, "तुझ्या म्हाताऱ्याच्या विरुद्ध पुरावा शोधायचाय. जमेल?"

"खरं असेल ते वाचीन," म्हणाली. "आणि तू मध्ये मध्ये बडबडू नकोस."

१७ जानेवारी

अभिलेखागार म्हणजे तळघरातली लांबोडकी खोली. तिथला कारकून प्रत्येक बाडाबरोबर एक सुस्कारा देतो. आज चौकशीचा अहवाल मिळाला. रेल्वेचे रूळ भरलेली आगबोट, नऊ नोव्हेंबरला संध्याकाळी पाचला निघाली, दहा तारखेच्या रात्री वादळात सापडली, माल एका बाजूला सरकला, बुडाली. दुय्यम अकरा तारखेला सकाळी एका फळकुटावर सापडला.

त्याची साक्ष शिडीने अगदी सपाट आवाजात वाचली. "बोट निघाली तेव्हा बावटा चढलेला होता. मी कप्तानांना बोट करून दाखवला. ते म्हणाले, बावटा लावणारा घरी जाऊन जेवतो, त्याला वाऱ्यातलं काय कळतं."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मेलेल्या माणसाच्या तोंडी काहीही घालायचं. आमच्या घरात असं उर्मट कोणी बोलत नाही. शिडी माझ्याकडे बघत होती. काय बघतेस म्हटलं, तर म्हणाली काही नाही.

बावट्याबद्दल दुसरी साक्ष नाही. ज्याने तो चढवला त्या माणसाला कोणी बोलावलंसुद्धा नाही. हे चौकशी करणारे. माझ्या वर्गात असते तर कोपऱ्यात उभे केले असते.

५ फेब्रुवारी

दादाचा फोन. "एकशेपस्तीस वर्षांपूर्वी मेलेल्या माणसाला काय फरक पडतो? डोळ्यांची काळजी घे." मी म्हटलं, तुला मार खाल्लेला आठवत नाही का. तो म्हणाला, "मी दिलेला आठवतो." आणि ठेवला.

१९ फेब्रुवारी

हवामान खात्याच्या जुन्या कपाटातून बावट्याच्या टेकडीची वही निघाली. टेकडीवर खांब होता, त्यावर बावटा चढवणारा माणूस रोजचा वारा, ढग, बावटा लिहून ठेवायचा. कारकून म्हणाला, ही वही मागणाऱ्या तुम्हीच पहिल्या. पुठ्ठ्याला वाळवी, पण शाई ठसठशीत आहे म्हणते शिडी.

हा टेकडीवाला जहाजावरून उतरलेला जुना खलाशी होता. लिहिणं दिव्यच दिसतंय. शिडी सुरुवातीची पानं वाचता वाचता थांबली. "अगं, हा प्रत्येक तारखेला आधी दुपार लिहितो, मग रात्र, आणि सकाळ शेवटी. असं कसं?"

"घोट घेऊन लिहीत असेल. तू तारीख वाच," मी म्हटलं.

"पण बघ ना, इथेही..."

"शिडे, मला नोव्हेंबर हवाय. त्याचं हस्ताक्षर सुधारायला नाही आले मी."

तिने पानं उलटली. नोव्हेंबरपर्यंत पोचायच्या आत खोली बंद व्हायची वेळ झाली.

२० फेब्रुवारी

मिळालं. 

शिडीने वाचलं ते शब्दशः असं. "दहा नोव्हेंबर. दुपारी तीन, धोक्याचा बावटा चढवला. रात्री अकरा, वारा वाढता. सकाळी सात, बावटा तसाच."

दहा नोव्हेंबर! बोट निघाली नऊ तारखेला, संध्याकाळी पाचला. बंदराच्या नोंदवहीत तसं स्वच्छ आहे. म्हणजे बोट बाहेर पडून बावीस तास झाल्यावर बावटा चढला. पणजोबांनी तो पाहिलाच नाही, कारण तो नव्हताच. दुय्यम धडधडीत खोटं बोलला.

शिडीला पुन्हा वाचायला लावलं. तिने पुन्हा वाचलं. तिसऱ्यांदाही वाचलं, शब्द इकडचा तिकडे केला नाही. मग माझ्या वहीत मोठ्या अक्षरात उतरवून दिलं, कारकुनाची सही घेतली, चष्मा पुसला आणि म्हणाली, "मी आज चहाला येत नाही. डोकं दुखतंय."

मला इतका आनंद झाला होता की मी बरं म्हटलं.

२४ फेब्रुवारी

शिडी चार वाजता आली. चहाला नावं ठेवली नाहीत, तेव्हाच मी समजायला हवं होतं. म्हणाली, "नाव लाव. लागायलाच हवं. पण पेपरात लेख देते आहेस त्यात त्याला खोटारडा म्हणू नकोस."

"मग काय म्हणू? विसरभोळा?"

"आजी सांगायची, तो मरेपर्यंत वारा सुटला की उठून बसायचा. आपण खोटं बोललो असतो तर बरं झालं असतं, असं एकदा म्हणाला होता तिला. असं खोटारडा म्हणतो का गं?"

"खोटारडेच असं म्हणतात," मी म्हटलं. "आधी सहानुभूती मिळवायची आणि वर वाचनालय काढायचं."

ती उठली. दाराशी म्हणाली, "तुला जिंकायचं होतं, ते तू जिंकलीस. आता एवढं तरी कर." मी म्हटलं की खरं ते खरं, त्याला मैत्रीचा मुलाहिजा नाही. हे वाक्य मला तेव्हा फार आवडलं होतं.

११ मार्च

लेख छापून आला. अर्धं पान. 'एका खोट्या साक्षीचा बळी.' मथळा माझाच. दिवसभर फोन. चिटणीस म्हणाले, "बाई, तुम्ही इतिहास बदललात." दादाने पेपराच्या दहा प्रती घेतल्या म्हणे.

संध्याकाळी कळलं की वाचनालयाने दुय्यमची तसबीर उतरवली. मी सांगितलं नव्हतं उतरवायला. पण त्यांनी उतरवली ते बरोबरच आहे.

१२ मार्च

शिडी आली नाही.

१५ मार्च

आज पण नाही. घुश्शात असेल. येईल. चाळीस वर्षांत जास्तीत जास्त नऊ दिवस अबोला टिकलाय, तोही तिच्या बहिणीच्या लग्नातल्या साडीवरून.

३० मार्च

एकोणिसावा दिवस. फोन केला तर उचलून "कामात आहे" म्हणाली. निवृत्त बाईला कसलं आलंय काम.

२ एप्रिल

स्तंभ उभा राहिला. काळा दगड, बत्तीस नावं, कप्तान सगळ्यांत वर. दादा सहकुटुंब आला, नवीन कोट घालून. त्याने भाषण ठोकलं की आमच्या घराण्याने हा अन्याय मूकपणे सोसला. मूकपणे! समोरच्या गल्लीतल्या दोघांचे दात ह्याने पाडले होते.

पायथ्याशी एक ओळ कोरली आहे, ती मला आधी कोणी दाखवली नव्हती. माझ्याच लेखातली. 'दुय्यम अधिकाऱ्याच्या खोट्या साक्षीमुळे कप्तानांचे नाव एकशेपस्तीस वर्षे काळोखात राहिले.' चिटणीस म्हणाले, तुमच्या शब्दांना मान दिलाय. मी बोटांनी चाचपून पाहिली. खोल कोरली आहे.

शिडीचं घर धक्क्याच्या रस्त्यावर. भाजी आणायला जाताना तिला स्तंभावरूनच जावं लागतं. हे मला परतताना सुचलं. तिकडे लक्ष द्यायचं नाही असं ठरवलं आहे.

२८ एप्रिल

उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. दादाची सून सोडायला आली आणि गाडी चुकीच्या ठिकाणी उभी केलीय म्हणून लगेच गेली. पट्टी बांधलेल्या माणसाला एकटं घरी जाताना पायऱ्या मोजाव्या लागतात. डाव्या डोळ्याच्या वेळी शिडी तीन रात्री इथेच झोपली होती आणि घोरत होती. वैताग आला होता तेव्हा मला.

१६ मे

डोळा स्वच्छ झाला. डॉक्टर म्हणाले, आता सुईत दोरा ओवा. मी म्हटलं मला शिवणाची आवड नाही, मला वाचायचंय.

म्हणून अभिलेखागारात गेले. ते पान स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचं, त्याची प्रत काढून चौकटीत लावायची, एवढाच बेत. पान पाहिलं. शिडीने उतरवलं होतं त्यात काना-मात्रेचा फरक नव्हता. आनंदाने पुढची पानं चाळत बसले. नोव्हेंबर मिळाल्यावर आम्ही वही मिटली होती, पुढे काय आहे ते पाहिलंच नव्हतं. मला हवं ते मिळालं होतं ना.

पुढे दोन वर्षांची नोंद. मग हस्ताक्षर बदललं, टेकडीवर नवा माणूस आला. आणि शेवटच्या पानावर, वरच्या कचेरीचा हुकूम डकवलेला:

'एक जानेवारीपासून या वहीतील दिवस मध्यरात्री बारापासून धरावा. आजवर चालत आलेला खलाशी दिवस, जो आदल्या दुपारी बारा वाजता सुरू होतो, तो यापुढे बंद.'

कारकुनाने विचारलं, बाई, पाणी आणू का.

१७ मे

काल पुढे लिहवलं नाही.

जुन्या खलाशांची तारीख दुपारी बाराला बदलायची. आपली नऊ तारखेची दुपार म्हणजे त्यांची दहा तारीख सुरूही झालेली. म्हणून तो आधी दुपार लिहायचा, मग रात्र, मग सकाळ. त्याचा दिवसच तसा होता. त्याची दहा नोव्हेंबर दुपारी तीन म्हणजे आपली नऊ नोव्हेंबर दुपारी तीन. बोट निघाली पाचला. बावटा दोन तास आधीपासून खांबावर होता. धक्क्यावरच्या पोराटोरांनाही दिसला असेल.

तरी मी पळवाट शोधलीच. त्याच वहीतलं एक चंद्रग्रहण काढलं, पंचांगाशी ताडून पाहिलं. ग्रहण लागलं रात्री नऊला, आणि वहीत तारीख एक दिवस पुढची. पळवाट बंद.

दुय्यम खरं बोलला. माझ्या पणजोबांनी बावटा पाहिला आणि एकतीस जणांना घेऊन गेले. आणि ते वाक्य, बावटा लावणारा घरी जाऊन जेवतो, त्याला वाऱ्यातलं काय कळतं. ते त्यांचंच. ते आमच्याच घरातलं आहे. शिडी त्या दिवशी का बघत होती ते आज कळलं. तिने मला बोट करून दाखवलं होतं आणि मी म्हणाले होते, घोट घेऊन लिहीत असेल.

तारखेची रेषा कुठे आहे, दिवस कुठे सुरू होतो, हे मी चौतीस वर्षं फळ्यावर काढून दाखवलं. चुकलेल्या पोरांना शंभर वेळा लिहायला लावलं. लाज वाटते मला. पणजोबांची कमी, माझी जास्त.

१९ मे

दादाला सांगितलं. त्याने आधी खोलीचं दार लावून घेतलं. मग म्हणाला, "अजून कोणाकोणाला माहीत आहे?"

"तुला आणि मला."

"मग संपलं. तोंड बंद ठेव. नातवाने शाळेत ह्यावर निबंध लिहिलाय."

चिटणिसांकडे प्रत घेऊन गेले. त्यांनी हुकूम दोनदा वाचला, चष्मा वर केला. "बाई, तुमचा प्रामाणिकपणा वाखाणण्यासारखा आहे. पण समिती विसर्जित झाली आहे. आणि लोकांना आता ही गोष्ट आवडली आहे हो." म्हणजे पुरावा आणा म्हणणारी समिती होती, पुरावा परत घ्यायला समिती नाही.

पेपरवाले म्हणाले, पत्रव्यवहारात चार ओळी देऊ, जागा असेल तर.

२१ मे

पाथरवटाला गाठलं. दगडाच्या भुकटीने पांढरा झालेला माणूस, शांत. त्याला म्हटलं, पायथ्याची ओळ काढायची आहे, आणि जमलं तर सगळ्यांत वरचं नावही.

तो म्हणाला, "कोरलेलं पुसलं जात नाही, बाई. आजूबाजूचा दगड तेवढा खाली घासावा लागतो. एकट्या ओळीपुरता घासला तर खळगा पडतो, मग लोक खळग्यालाच हात लावून बघतात. पूर्ण दर्शनी बाजू घासायची तर बत्तीसच्या बत्तीस नावं जातील. ती पुन्हा कोरावी लागतील."

"खळगा पाडा," मी म्हटलं.

"लेखी आणा कोणाचं तरी."

कोणाचं आणू? माझं चालेल का विचारलं. तो हसला. वाईट नव्हतं हसणं.

२३ मे

शिडीकडे गेले. चार वाजता. दार उघडून तिने मला आत घेतलं, तसं कोणालाही घेतलं असतं. भिंतीवर दुय्यमची तसबीर आहे. वाचनालयाने परत दिली म्हणाली.

सगळं सांगितलं. हुकुमाची प्रत पुढे ठेवली. तिने सवयीने ती उचलली, मोठ्याने वाचायला तोंड उघडलं, आणि मग मनातच वाचली. घडी घालून माझ्याकडे दिली.

"आधी दुपार येते म्हणाले होते मी," ती म्हणाली.

"हो."

"तू म्हणालीस, तारीख वाच. मी तारीख वाचली. सगळ्या गावात ते माझ्या तोंडून वाचलं गेलं, हे मला झोपेत सुद्धा टोचतं."

मी म्हटलं, माझं चुकलं. आयुष्यात हे तिला मी पहिल्यांदा म्हटलं असेन. तसबीर पुन्हा वाचनालयात लावायला लावते, भांडते त्यांच्याशी, म्हटलं.

"नको. ती माझ्याकडेच बरी आहे. तिथे तिच्याकडे कोणी बघत नव्हतं." मग म्हणाली, "मला कागद नको होता गं. त्या दिवशी मी फक्त सांगितलं होतं की त्याला खोटारडा म्हणू नकोस. कागद तुझ्या बाजूने होता तेव्हा सांगितलं होतं. तेव्हा ऐकलं असतंस तर ती मैत्री झाली असती. आता तुझं ऐकणं म्हणजे हिशेब चुकला म्हणून बेरीज पुन्हा करणं."

मी उद्या चहाला ये म्हटलं. तिने दाराशी माझ्या डोळ्याकडे नीट बघितलं, पापणी खाली ओढून. सूज उतरली आहे म्हणाली, आणि दार लावलं.

३० मे

आठवडा झाला. रोज चारला दोन कप आधण टाकते. चार ओळी पेपरात आल्या, शेळीपालनाच्या जाहिरातीखाली.

आज धक्क्यावर गेले. रंगाचा डबा घेऊन जावं, ओळीवर काळं फासावं असं मनात होतं, पण नुसतीच गेले. एका शाळेची सहल आली होती. बाई तरुण होत्या, घसा ताणून नावं वाचून घेत होत्या. पायथ्याची ओळ सगळ्या वर्गाने एका सुरात म्हटली, पाढा म्हणावा तशी. दुय्यम अधिकाऱ्याच्या खोट्या साक्षीमुळे.

मी पुढे झाले. म्हटलं, "बाई, एक मिनिट. ही ओळ माझी आहे. मीच लिहिली."

"कप्तानांच्या पणती? तुम्हीच का त्या?" बाईंचा चेहरा उजळला. त्यांनी लगेच वर्गाकडे वळून सांगितलं की मुलांनो, बघा, खऱ्यासाठी शेवटपर्यंत लढणारं माणूस कसं असतं ते, वाजवा टाळ्या.

चाळीस पोरं, जोरात वाजवल्या. टाळ्या चालू असताना बोलायचं नाही, ही मास्तरकीची सवय. मी थांबले. थांबल्या तेव्हा म्हटलं, ते खोटं आहे, तो माणूस खरं बोलला होता. पण बाईंनी तोवर शिट्टी फुंकली होती आणि रांग बसकडे वळली होती. शेवटच्या दोघींनी मागे वळून मला हात केला. मी पण केला.